पदवीच्या नावात 'ऊर्जा' हवीच का?

दरवर्षी जून-जुलै उजाडला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलगा मेकॅनिकल इंजिनीअर झाला आहे किंवा मुलगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आहे, आणि आता 'एनर्जी'मध्ये काहीतरी करायचे म्हणते आहे. सौर, पवन, हायड्रोजन, बॅटरी असे शब्द घरात ऐकू येऊ लागले आहेत. पुढची पदवी कोणती घ्यावी? विचारणाऱ्यांच्या हातात बहुधा दोन-तीन माहितीपत्रके असतात आणि झाडून सगळ्यांच्या मुखपृष्ठावर पवनचक्की असते. एकात 'एनर्जी सिस्टीम्स'चे एम.टेक., दुसऱ्यात 'रिन्युएबल एनर्जी'चे एम.एस्सी., तिसऱ्यात 'पॉवर मॅनेजमेंट'चे एम.बी.ए. फी तीन लाखांपासून वीस लाखांपर्यंत काहीही. घरात कर्ज काढायची तयारीही झालेली असते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ऊर्जा हा भौतिकशास्त्र किंवा अर्थशास्त्रासारखा एक विषय नाही; तो प्रश्नांचा जुडगा आहे. त्या जुडग्यातला कोणता प्रश्न आपल्याला सोडवायचा आहे हे ठरले, की पदवी निवडणे अवघड राहत नाही. ते ठरवण्याआधीच पदवीच्या नावावर भाळून प्रवेश घेतला, तर दोन वर्षांनी हातात प्रमाणपत्र असते आणि प्रश्न होता तिथेच असतो.

हे समजावून देण्यासाठी मुंबईत देवनारइतकी सोयीची जागा नाही. गोवंडी स्टेशनातून बाहेर पडून पाच-सहा किलोमीटरच्या परिघात फिरले, की देशाच्या ऊर्जेचा निम्मा इतिहास पायाखालून जातो. १९५४ ते १९५६ या काळात या परिसराचे रूपच पालटले. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. त्याच सुमारास पलीकडे माहुलला तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले. १९५६ मध्ये ट्रॉम्बेचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी ट्रॉम्बेतच कार्यान्वित झाली. या सगळ्यांच्या आधीपासून, म्हणजे १९२७ पासून, देवनारमध्ये आहे ते मुंबईचे डम्पिंग ग्राउंड. जानेवारी २०१६ मध्ये त्याला आग लागली, तेव्हा धुराचा पट्टा नासाच्या उपग्रहचित्रातही दिसला होता आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

आता या कचऱ्यापासून वीज करायचा प्रकल्प घ्या. महापालिकेने २०२० मध्ये त्याचे कंत्राट दिले. दिवसाला ६०० टन कचरा जाळायचा आणि त्यातून वीज काढायची. आरंभी ४ मेगावॅटचा आकडा सांगितला गेला. ऊर्जा क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने या एका प्रकल्पाचा नीट अभ्यास केला, तरी आपल्याला कुठली पदवी हवी याचा त्याला बराच अंदाज येईल असे मला वाटते. म्हणून जरा इथेच रेंगाळू.

पहिला प्रश्न साधा आहे: कचऱ्यात उष्णता किती? घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी सांगितले होते की, पुनर्वापर करता येत नाही अशा ज्या कचऱ्यात किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता आहे, तो क्षेपणभूमीवर न टाकता ऊर्जेसाठी वापरावा. आपल्याकडच्या वीजनिर्मितीच्या कोळशात किलोमागे साधारण साडेतीन-चार हजार किलोकॅलरी असतात, म्हणजे चांगला कचरासुद्धा कोळशाच्या निम्म्यापेक्षा कमी. आता गणित करू. ६०० टन म्हणजे ६ लाख किलो. त्याला १,५०० ने गुणले की ९० कोटी किलोकॅलरी होतात. ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट, त्यामुळे दिवसाला साधारण साडेदहा लाख युनिट उष्णता. तासाच्या हिशेबात ती सुमारे ४४ मेगावॅट भरते. पण ही झाली उष्णता. तिची वीज करताना अशा भट्टीत फार तर पाचवा हिस्सा हाती लागतो, म्हणजे आठ-नऊ मेगावॅट. तेही कचरा १,५०० चा असेल तर.

मुंबईच्या घरातला कचरा तसा नसतो. त्यात भाज्यांची देठे, उरलेला भात, नारळाच्या करवंट्या, पावसाळ्यात वरून पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी खर्च होतात. निम्मा कचरा पाणीच असेल तर जळणाऱ्या भागाची बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. प्रत्यक्षातले उष्णतामान आठशेच्या आसपास धरले तर वीज उरते सुमारे ४ मेगावॅट. जाहीर झालेला आकडा कुठून आला असावा याचा अंदाज घरबसल्या, बारावीच्या भौतिकशास्त्रावर करता येतो. या चुकीची शिक्षा दिल्लीने एकदा भोगली आहे. १९८७ मध्ये तिमारपूरला दिवसाला ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प डेन्मार्कच्या मदतीने उभा राहिला. दिल्लीचा कचरा आराखड्यात धरला होता तितका जळेना. प्रकल्प लवकरच बंद पडला.

चार मेगावॅट म्हणजे किती? मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी ४,००० मेगावॅटच्या घरात जाते. त्याचा हजारावा भाग. शेजारच्या ट्रॉम्बे केंद्रातला १९८४ चा एक संचच ५०० मेगावॅटचा आहे. तेव्हा देवनारचा प्रकल्प नावाने वीज प्रकल्प असला तरी त्याचे खरे काम कचऱ्याचे आकारमान घटवणे हे आहे; वीज ही वरकड. हे ध्यानात आल्यावर त्याचे मूल्यमापन वेगळ्या पट्टीने करावे लागते. शहरात दिवसाला सुमारे साडेसहा हजार टन कचरा निघतो, त्यातले ६०० टन इथे जाळणे हा ओल्या कचऱ्याचे घरोघरी खत करण्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे का? हा अर्थशास्त्राचा प्रश्न झाला.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. कचऱ्यात पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक असते. ते अर्धवट जळले तर डायॉक्सिन नावाची अतिविषारी संयुगे तयार होतात. म्हणून भट्टीतला वायू ८५० अंशांच्या वर किमान दोन सेकंद राहायला हवा. तेवढ्याने भागत नाही. वायू थंड होताना साधारण ४०० ते २५० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन पुन्हा जन्म घेऊ शकतात. त्यामुळे तो टप्पा झटपट ओलांडावा लागतो. धुरात परवानगी आहे ती घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅमची. हे मोजणे पीएम २.५ सारखे चौकात यंत्र लावून होत नाही. नमुना घेऊन अद्ययावत प्रयोगशाळेत तपासावा लागतो. मग वर्षातून किती वेळा मोजायचे, कोणी मोजायचे, निकाल लोकांना कधी दाखवायचा? आणि भोवती राहणारे कोण आहेत? मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागाचा क्रमांक सगळ्यांत खाली होता, तिथली माणसे. गोवंडीतल्या वैद्यकीय कचरा जाळणाऱ्या भट्टीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे इथले लोक विसरलेले नाहीत.

तिसरा प्रश्न मला सर्वांत बोचतो. कचऱ्यातली उष्णता कशात असते? कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, कापड यांत. कचरावेचक बाया नेमके तेच वेचून नेतात. त्यांनी सगळे वेचले तर भट्टीला जळण उरत नाही. भट्टीला सगळे दिले तर त्यांची चूल विझते. म्हणजे किलोकॅलरीचा आकडा आणि एका कुटुंबाची रोजची कमाई ही एकाच पिशवीत बसलेली आहेत. हा प्रश्न बॉयलरच्या पुस्तकात सापडत नाही, आणि बॉयलर न कळणाऱ्या समाजशास्त्रज्ञालाही तो अर्धाच दिसतो.

तर या एका प्रकल्पाला बॉयलर आणि ज्वलन कळणारा मेकॅनिकल किंवा केमिकल इंजिनीअर लागतो, विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातली एम.एस्सी. लागते, सार्वजनिक आरोग्यातला साथरोगतज्ज्ञ लागतो, करारातली कलमे वाचू शकणारा वकील, युनिटचा दर काढणारा अर्थतज्ज्ञ आणि वस्तीत सहा महिने हिंडून माणसांशी बोलू शकणारा समाजअभ्यासक लागतो. यातल्या एकाच्याही पदवीच्या नावात 'ऊर्जा' असण्याची गरज नाही.

ज्यांनी या क्षेत्रात मोठे काम केले त्यांच्या पदव्या पाहिल्या तर हेच दिसते. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष राहिलेले डॉ. अनिल काकोडकर व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनीअर झाले, मग ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेत गेले आणि १९६९ मध्ये त्यांनी नॉटिंगहॅममधून पदव्युत्तर पदवी घेतली ती प्रायोगिक ताण-विश्लेषणाची. धातूच्या नळीवर दाब पडला की ती कुठे आणि किती ताणली जाते, याचा तो अभ्यास. अणुभट्टी शेवटी दाबाखालच्या नळ्यांचीच असते. मुंबईत जन्मलेले डॉ. अशोक गाडगीळ मुंबई विद्यापीठात आणि आयआयटी कानपूरला भौतिकशास्त्र शिकले, बर्कलेला त्यातच पीएच.डी. झाले. पुढे त्यांनी ऊर्जाबचतीच्या दिव्यांच्या प्रसारावर काम केले, मुंबईसाठीही तशी योजना मांडली. थोड्या विजेवर अतिनील किरणांनी पिण्याचे पाणी निर्जंतुक करणारे यंत्र आणि दारफूरच्या निर्वासित बायकांसाठी कमी लाकूड खाणारी चूल ही त्यांचीच कामे. देशाच्या एकात्मिक ऊर्जा धोरणाचा २००६ चा अहवाल ज्या समितीने दिला, तिचे अध्यक्ष डॉ. किरीट पारीख मूळचे सिव्हिल इंजिनीअर; पुढे ते अर्थशास्त्राकडे वळले आणि गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक झाले. तिघांच्याही हातात एखादे पक्के हत्यार होते. ऊर्जेचा प्रश्न त्या हत्याराला नंतर भेटला.

मग ऊर्जेच्या नावाने असलेल्या पदव्या घेऊच नयेत का? तसे नाही. पवईच्या आयआयटीत ऊर्जा विषयाचा स्वतंत्र विभाग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, आणि तिथल्या एम.टेक.ला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल अशा निरनिराळ्या शाखांतले विद्यार्थी येतात. ज्याचा पाया आधीच्या चार वर्षांत पक्का झाला आहे आणि ज्याला आता सबंध व्यवस्था एकदम पाहायची आहे, त्याला अशी पदवी लाभते. २०२६ च्या गेट परीक्षेत अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात 'ऊर्जा विज्ञान' हा नवा विभागही आला, ही चांगली गोष्ट आहे. माझा आक्षेप आहे तो पायाच नसताना घेतलेल्या सरमिसळ पदवीला. पदवी 'एनर्जी इंजिनीअरिंग'ची, वर पदव्युत्तर 'रिन्युएबल एनर्जी'ची, अशी जोडी असली की विद्यार्थ्याला सौर पॅनेलबद्दल थोडे, पवनचक्कीबद्दल थोडे, बायोगॅसबद्दल थोडे ठाऊक असते. इन्व्हर्टर बिघडला तर इलेक्ट्रिकलवाला आणि टर्बाइन बिघडली तर मेकॅनिकलवाला बोलवावा लागतो.

माहितीपत्रकातली पवनचक्की बाजूला ठेवून विषयांची यादी वाचावी. त्यात उष्मागतिकी, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स किंवा वीज-अर्थशास्त्र यांपैकी निदान एक विषय कस लागेल इतका खोल शिकवतात का? दुसऱ्या वर्षी प्रबंध आहे की नुसती 'इंटर्नशिप'? शिकवणाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांत काय प्रसिद्ध केले आहे? आणि मागच्या तुकडीतली मुले कुठे आहेत, हे प्लेसमेंट विभागाला न विचारता त्या मुलांनाच विचारावे. शेवटचे काम फुकट होते आणि बहुतेक पालक तेवढेच करत नाहीत.

पैशाचाही विचार मोकळेपणाने करायला हवा. गेटमधून सरकारी संस्थेत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. अणुशक्तीनगरची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे. अभियांत्रिकी पदवीधर आणि विज्ञानातले पदव्युत्तर विद्यार्थी तिथे वर्षभर शिकतात, विद्यावेतन घेतात आणि यशस्वी झाले तर वैज्ञानिक अधिकारी म्हणून रुजू होतात. पुढे होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून पदव्युत्तर पदवीही मिळवता येते. अणुऊर्जेची क्षमता २०४७ पर्यंत १०० गिगावॅटवर न्यायचे लक्ष्य सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. ते कितपत गाठले जाईल याबद्दल मी साशंक आहे, पण त्या दिशेने निम्मी वाट चालायची म्हटली तरी माणसे लागतील. असे असताना एखाद्या नव्या खासगी विद्यापीठाला बारा-पंधरा लाख मोजून 'सस्टेनेबल एनर्जी'ची पदवी घेणे मला तरी पटत नाही.

काहींना तर पदव्युत्तर पदवीची गरजच नसते, आणि हे त्यांना कोणी सांगत नाही. एनटीपीसी, पॉवरग्रिड, ओएनजीसी यांसारख्या सार्वजनिक कंपन्या अभियांत्रिकी पदवीधरांना गेटच्या गुणांवर घेत आल्या आहेत, तिथे एम.टेक. असण्याचा फायदा दाराशी फारसा होत नाही. कारखान्यात तीन वर्षे काम केलेल्या इंजिनीअरला केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा परीक्षकाची परीक्षा देता येते. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या कारखान्यांना ऊर्जा व्यवस्थापक नेमणे आणि ऊर्जा परीक्षण करून घेणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे या प्रमाणपत्राला बाजारात किंमत आहे. बॉयलरच्या भिंतीतून, वाफेच्या गळतीतून आणि रात्रभर रिकाम्या चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून किती वीज वाहून जाते, हे शोधणे दिसायला रुक्ष काम आहे. पण त्यातून वाचलेल्या युनिटला ना जमीन लागते, ना कोळसा.

काम कुठे आहे हेही पाहायला हवे, कारण विद्यार्थी जातात पॅनेलकडे आणि अडचण असते तारेत. जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले. तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सुमारे तीन चतुर्थांश वाटा कोळशाचाच आहे. सूर्य सातला मावळतो आणि मुंबईतले एसी त्यानंतर सुरू होतात, हे त्याचे थोडक्यात कारण. दुपारची वीज रात्रीपर्यंत साठवणे, ती दूरच्या माळरानावरून शहरात आणणे आणि सेकंदासेकंदाला मागणी-पुरवठा जुळवणे हा आजचा खरा पेच आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईने तो अनुभवला. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या, संकटात शहराला वेगळे काढून वाचवणारी 'आयलंडिंग' व्यवस्थाही त्या दिवशी कामाला आली नाही. लोकल थांबल्या, कोविडच्या ऐन दिवसांत रुग्णालये जनरेटरवर गेली. शहरात वीज आणणारी खारघर-विक्रोळी वाहिनी त्यानंतर २०२३ मध्ये सुरू झाली. ज्याला ऊर्जेत आणि आरोग्यात दोन्हीकडे रस आहे, त्याने अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरपासून मागे चालत जावे. तो नेमका 'पॉवर सिस्टीम्स' या जुन्या, अनाकर्षक नावाच्या एम.टेक.पाशी पोहोचेल. व्हीजेटीआयसारख्या संस्थेत हा विषय आहे आणि माहितीपत्रकावर पवनचक्की नाही म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणारी मुले मी पाहिली आहेत.

महावितरणचे ग्राहक तीन कोटींच्या घरात आहेत. त्यांचा भार उद्या किती असेल, कुठल्या फीडरवर गळती जास्त, शेतीपंपांना दिवसा सौर वीज दिली तर रात्रीच्या भारात काय फरक पडेल, हे सांगायला संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र लागते. उकाडा वाढतो आहे आणि घरोघरी एसी लागत आहेत. अशा वेळी इमारतीची भिंत, खिडकी आणि छत यांचा अभ्यास केलेली वास्तुविशारद एखाद्या सौर प्रकल्पाइतकी वीज वाचवू शकते. बी.आर्क. झालेल्या मुलामुलींना आपण ऊर्जा क्षेत्रात आहोत हे बहुधा ठाऊकच नसते.

परदेशाबद्दल दोनच गोष्टी. इंग्लंडमधले एक वर्षाचे एम.एस्सी. महागडे असते आणि वर्ष संपेस्तोवर नोकरी शोधायची धांदल सुरू झालेली असते; पाया पक्का नसेल तर ते वर्ष वाया जाण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीनंतर एक वर्ष आणि वर दोन वर्षे काम करायची मुभा आजवर मिळत आली, तिच्या भरवशावर चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज उभे राहते. असे नियम तिकडच्या निवडणुकीबरोबर बदलू शकतात, कर्जाचा हप्ता बदलत नाही. परदेशी प्रयोगशाळेत संशोधन करायचे असेल तर पैसे देऊन शिकण्यापेक्षा पीएच.डी.साठी विद्यावेतन घेऊन जावे. गाडगीळांच्या पिढीतले अनेक जण तसेच गेले होते.

पुन्हा देवनारकडे येतो. टाटा समाजविज्ञान संस्था आणि अणुशक्तीनगर ही एकाच सायन-ट्रॉम्बे रस्त्यालगतची शेजारी आहेत. एकीकडे हवामान बदल आणि शाश्वतता हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, दुसरीकडे उष्णता, धातू आणि किरणोत्सर्ग यांचे ज्ञान. देवनार गावातच १९५६ मध्ये स्थापन झालेली लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे; कोणत्या वस्तीत कोण राहते आणि कशाने आजारी पडते हे मोजायची विद्या तिच्याकडे आहे. या तिन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना एकमेकांचा एखादा विषय श्रेयांकासह शिकता यावा. ज्वलन शिकणाऱ्याने एक सत्र वस्तीतल्या खोकल्याची पाहणी करावी, समाजकार्य शिकणारीने मघाचे ६०० टनांचे गणित स्वतःच्या हाताने करावे. नव्या शिक्षण धोरणात श्रेयांक एका संस्थेतून दुसरीकडे नेण्याची सोय आहे म्हणतात. ती वापरायला याहून चांगले ठिकाण मला माहीत नाही. कचरा-वीज प्रकल्पाच्या बैठकीत आज अभियंता मेगावॅट बोलतो, कार्यकर्ता धूर बोलतो आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजतात. त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारे एक माणूस असते, तर चिमणीवरच्या मापनाचे आकडे वस्तीच्या फलकावर लावण्याची अट करारातच आली असती.

अजून मन ठरत नसेल तर एक काम करावे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे दरनिश्चितीचे आदेश संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात आणि दरवाढीच्या प्रस्तावांवर जाहीर सुनावणी होते. उपनगरात टाटा आणि अदानी या दोन कंपन्यांपैकी कोणाची वीज घ्यायची हे ग्राहकाला ठरवता येते. ज्या कंपनीचे बिल घरी येते तिचाच आदेश काढावा आणि शंभरेक पाने वाचावीत. कोळशाच्या खर्चाच्या तक्त्यावर नजर खिळली तर अर्थशास्त्राकडे वळावे. वाहिन्यांचे नकाशे पाहण्यात रात्र गेली तर पॉवर सिस्टीम्सकडे. ग्राहकांच्या आक्षेपांचे प्रकरण सगळ्यात रंजक वाटले तर कायदा किंवा समाजविज्ञान. आणि दहाव्या पानावर झोप आली तर प्रयोगशाळा बरी, तिथे पदार्थविज्ञान आणि बॅटरीचे रसायनशास्त्र वाट पाहत आहे. त्यासाठी माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था जवळ आहे. गेटचे अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, म्हणजे ही शंभर पाने वाचायला अजून पुरेसे दिवस आहेत.